पुरून ठेवलेले रुपये

प्रभु येशूनें सांगितलेला रुपयांचा दृष्टांत (मत्तय, अध्याय २५) आपल्या शाळेंतील लहान मुलांसही ठाऊक आहे. परदेशीं निघालेल्या एका धन्यानें आपल्या तीन चाकरांच्या हातीं आपला पैसा सोंपविला. एकास पांच हजार, एकास दोन हजार व एकास एक हजार. पहिल्या दोघांनीं उदीम करून रक्कम दुप्पट केली. तिसऱ्यानें जमीन खणून आपला वांटा तींत पुरून ठेविला. शास्त्राच्या तासाला हा दृष्टांत विचारला, कीं तिसऱ्या चाकराविषयीं मुलें एकच शब्द सांगतात : आळशी. उत्तर चुकीचें नाहीं, कारण धनी स्वतः त्यास आळशी म्हणतो. परंतु चाकर आपल्या तोंडानें काय कारण देतो, तें फार थोड्यांच्या ध्यानांत राहतें. तो आळसाचें नांवही काढीत नाहीं. आपण भ्यालों, असें तो सांगतो. विद्यार्थी मित्रहो, आजच्या पाठाचा सगळा विषय या एका शब्दांत आहे, म्हणून आपण तेथेंच थोडा वेळ थांबूं.

प्रथम रकमेचा विचार करूं. आपल्या मराठी शास्त्रांत रुपये म्हटलें आहे, पण मूळ ग्रीक भाषेंत शब्द आहे तालांत. एक तालांत म्हणजे सहा हजार दीनार, आणि दीनार ही त्या काळच्या मजुराची एका दिवसाची मजुरी. शब्बाथाचे दिवस वजा घालून हिशेब करा; वीस वर्षांच्या मजुरीइतका ऐवज होतो. गणिताच्या वहींत करून पाहिल्यास आंकडा अधिक चांगला पटेल. ज्यास आपण सर्वांत कमी मिळालें असें म्हणतों, त्याच्या हातावर धन्यानें एवढा मोठा विश्वास ठेविला होता! मला थोडेंच दिलें आहे, मीं केलें काय आणि न केलें काय, असें म्हणण्यास त्यास जागाच नव्हती.

दुसरी गोष्ट. त्यानें तो पैसा उडविला नाहीं, जुगारांत घातला नाहीं, चोरला तर मुळींच नाहीं. यहूदी लोकांत दुसऱ्याची ठेव जमिनींत पुरून ठेवणें ही सुरक्षित व प्रामाणिक रीत समजत. म्हणजे लोकांच्या दृष्टीनें तो निर्दोष होता. कोणी नांव ठेवूं नये एवढीच त्याची इच्छा होती, व तेवढें त्यास साधलें. भीतीचें हें लक्षण मुलांनीं नीट ओळखून ठेवावें. ती माणसास नेहमीं पापाकडेच ओढते असें नाहीं. पुष्कळदां ती त्यास अशा ठिकाणीं नेऊन बसविते, कीं जेथें कोणी त्यास वाईट म्हणत नाहीं आणि जेथें तो कोणाच्या उपयोगीही पडत नाहीं.

आपण वसमतचे लोक. जमिनींत पुरणें म्हणजे काय, हें आपल्याइतकें दुसऱ्या कोणास कळणार? आपल्या हळदीस २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें व तिचें नांव दूरवर गेलें. पण मानांकनापूर्वींही ज्येष्ठाच्या सुमारास बेणें जमिनींत घालावयाचें व आठनऊ महिन्यांनीं गड्डे काढावयाचे, हें येथील शेतकऱ्याचें पोर दुसऱ्या इयत्तेंत असतांनाच शिकतें. जेठा गड्डा मातींत जातो, त्यास कोंब फुटतात, बाजूस हळकुंडें धरतात. शेतकरी पुरतो तो वाढीसाठीं. त्या चाकरानेंही पुरलेंच, पण तें दडविण्यासाठीं. दोन्ही ठिकाणीं खड्डा खणण्याचे कष्ट सारखेच पडले असतील. आणि बेणें म्हणून राखलेला गड्डा भीतीनें घरांतच ठेविला, यंदा पाऊस कसा होईल कोण जाणे, म्हणून लावलाच नाहीं, तर पुढच्या हंगामापर्यंत तो तसाच राहतो काय? तो सुकतो, सुरकुततो, किडतो. राखून ठेवल्यानें तो राहत नाहीं.

पैशाचेंही तसेंच. आपला हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता व येथें हाली शिक्का चाले. त्या काळीं भिंतींत अगर चुलीखालीं कोणी मडकें भरून हाली रुपये पुरले असतील व आज तें मडकें त्यांच्या पणतवास सांपडेल, तर त्या रुपयांनीं त्यास बाजारांत एक पोतें ज्वारीही मिळणार नाहीं. सराफ चांदीचें वजन करील तेवढेंच. ज्या दिवसांत तीं नाणीं चालत होतीं, ते दिवस निघून गेले. देवानें दिलेल्या दानासही असे चलनाचे दिवस असतात. दहाव्या वर्षीं ज्या मुलीच्या गळ्यांत गाणें आहे, तिनें तें चाळिसाव्या वर्षीं काढूं म्हटलें तर निघेलच असें नाहीं.

आतां दान म्हणजे काय, हें पाहूं. आपल्या शास्त्रांत त्यास कृपादान असा सुंदर शब्द आहे. कृपेनें मिळालेलें, म्हणजे आपल्या कमाईचें नव्हे. रोमकरांस पत्र, अध्याय १२, हा उघडून वाचा. तेथें पौल उपदेशाचें व शिकविण्याचें दान सांगतो, आणि त्याच दमांत सेवा करणें, बोध करणें, औदार्यानें देणें, पुढारीपण करणें व हंसतमुखानें दया करणें हींही सांगतो. पुष्कळ मुलांची अशी समजूत असते, कीं ज्यास व्यासपीठावर बोलतां येतें किंवा पेटी वाजवितां येते, त्यालाच देवानें कांहीं दिलें आहे. ही समजूत चुकीची आहे. वर्गांतील आजारी मुलाच्या घरीं जाऊन त्याला राहिलेला अभ्यास समजावून देणारा मुलगा दयेचें दान वापरीत असतो. नवीन आलेल्या, भेदरलेल्या मुलीस मधल्या सुटींत आपल्याजवळ जेवावयास बसविणारी मुलगी तेंच करीत असते. आणि यांतही भीति लागते! गरिबाच्या शेजारीं बसलें तर मैत्रिणी काय म्हणतील, ही भीति व्यासपीठावरील भीतीहून लहान आहे असें मला वाटत नाहीं.

भीति आपल्या खऱ्या नांवानें क्वचितच येते. बहुधा ती विनयाचा वेष घेऊन येते. मला कोठें येतें एवढें, माझ्याहून चांगले पुष्कळ आहेत, अशीं वाक्यें आपण बोलतों, व ऐकणारेही मान डोलावतात. मोशेनें हेंच केलें. आपली जीभ जड आहे, आपणांस बोलतां येत नाहीं, असें त्यानें देवास सांगितलें. देवानें त्यास वक्तृत्व दिलें नाहीं. भाऊ अहरोन याला बरोबर दिलें व काम तेंच ठेविलें. यिर्मयानें आपल्या लहान वयाची सबब सांगितली. सबबी खोट्या नव्हत्या, हें ध्यानांत घ्या. मोशे खरोखरीच अडखळत असेल, यिर्मया खरोखरीच लहान होता. देवानें त्या नाकारल्या नाहींत, फक्त त्या पुरेशा मानल्या नाहींत.

दृष्टांतांतील चाकराची भीति मात्र निराळ्या जागेंतून आली होती. धनी कठोर आहे, असा त्याचा ग्रह होता. इतर दोघे चाकरही त्याच धन्याचे. त्यांस तो तसा वाटला नाहीं. हिशेबाच्या वेळीं धन्यानें पांच हजारांचे दहा करणाऱ्याची जी स्तुति केली, तीच, शब्दास शब्द, दोहोंचे चार करणाऱ्याची केली. किती मिळविलें हें त्यानें पाहिलें नाहीं. देव म्हणजे हातांत तांबडी शाई घेऊन बसलेला परीक्षक, असें ज्या मुलाच्या मनांत बसलें आहे, तें मूल उत्तरपत्रिका कोरी ठेवणेंच पसंत करील. कोऱ्या कागदावर चूक होत नाहीं.

येथें पालकांस व आम्हां शिक्षकांस एक विचारावेंसें वाटतें. असा देव मुलांस कोणी दाखविला?

पौलाचा तरुण सोबती तीमथ्य याच्याकडे वळूं. त्यास लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या पहिल्याच अध्यायांत पौल त्याची आजी लोईस व आई युनीके यांची नांवें घेतो; तीमथ्याचा विश्वास या दोन बायांच्या घरांतून आलेला. मग लगेच सांगतो, कीं तुझ्या ठायीं असलेलें दान पुन्हां चेतव, कारण देवानें दिलेला आत्मा भित्रेपणाचा नव्हे. मुळांतील शब्दाचा भाव विस्तव पुन्हां फुलविण्याचा आहे. ज्यांच्या घरीं अजून चूल आहे, त्यांस हें चित्र सांगावें लागणार नाहीं. सकाळीं आई राख बाजूला सारते, तळाशीं निखारा असतो, त्यावर काटकी ठेवून फुंकर घालते. निखारा तिनें नवा आणलेला नसतो, रात्रींचाच असतो. तीमथ्याच्या ठायीं दान नव्हतें असें पौल म्हणत नाहीं. वर राख बसली होती. यावरून पुष्कळ लोक असा तर्क करितात, कीं तीमथ्य स्वभावानें भिडस्त असावा. असेल.

परंतु दुसरें एक स्थळ आहे, त्याकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या शेवटच्या अध्यायांत, दहाव्या व अकराव्या ओवींत, पौल त्या मंडळीस बजावतो, कीं तीमथ्य तुमच्याकडे आला तर तो तुमच्यामध्यें निर्भयपणें राहील असें करा, कोणी त्यास तुच्छ मानूं नका. पहा, तीमथ्याला लिहितांना तो त्यालाच धीट होण्यास सांगतो. मंडळीला लिहितांना मात्र त्याच्या निर्भयतेची जबाबदारी तो मंडळीच्या गळ्यांत घालतो! भीति ही भिणाऱ्याच्या एकट्याच्या मनांत उपजत नाहीं. आजूबाजूचे लोक ती पेरतात, आणि पेरणाऱ्यास पुष्कळदां पत्ताही नसतो.

हें मी पुस्तकांतून शिकलों नाहीं. माझ्या हातून घडलेली एक गोष्ट सांगतों. मी नुकताच शिक्षक झालों होतों, तेव्हां सकाळच्या उपासनेंत शास्त्रवाचन करण्यास वर्गांतील मुलांस पाळीपाळीनें उभें करीत असूं. एका मजुराचा मुलगा होता. त्याचा आवाज भरदार; वाचूं लागला कीं मागच्या रांगेंतील खोडकर पोरेंही गप्प बसत. एके दिवशीं एक अवघड विशेषनाम त्याच्या जिभेवर अडखळलें व कांहींतरी भलतेंच बाहेर पडलें. मला हंसूं आलें. मीं तेथल्या तेथें, सगळ्यांदेखत, त्याच्या उच्चाराची नक्कल करून तो दुरुस्त केला. सभागृह हंसलें. मुलानें वाचन पुरें केलें व जागेवर जाऊन बसला. पुढच्या आठवड्यांत त्याची पाळी आली तेव्हां घसा दुखतो म्हणाला. मग दुसऱ्यास पाठविलें. पुढें त्यानें कधीं वाचलें नाहीं, आणि मलाही त्याची आठवण राहिली नाहीं.

पुष्कळ वर्षांनीं हळदीच्या मोंढ्यांत तो मला भेटला. हमालांच्या टोळीचा मुकादम झालेला, चांगला उंचापुरा गृहस्थ. नमस्कार केला, चहा पाजला. बोलतां बोलतां मीं सहज विचारलें, उपासनेला जातां ना? म्हणाला, 'जातों गुरुजी, मागं बसतों. आमच्यांत प्रार्थना कराय लावतात कधीं कधीं, तवा मी चपला बघायला भाईर येतों.' तो हंसत होता. त्यास ती गोष्ट आठवत होती कीं नाहीं, हें मीं विचारलें नाहीं. विचारण्याचा धीर झाला नाहीं. दृष्टांतांतील चाकरानें आपला पैसा आपल्या हातानें पुरला. या मुलाच्या वांट्याचा खड्डा मात्र मीं खणला होता.

हें सगळें मनांत घोळत असतांना मीं पुन्हां एकदां लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रें' वाचावयास घेतलीं. वरच्या वर्गांतील मुलांनीं हें पुस्तक ग्रंथालयांतून अवश्य न्यावें. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळील जलालपूर गांवचा. आईचे वडील १८५७ च्या बंडाच्या धामधुमींत फांशीं गेले, आणि त्या धक्क्यानें घरांत एक विलक्षण भय शिरलें. वडिलांनीं सोंवळ्याओंवळ्याचें इतकें वेड घेतलें, कीं बाजारांतून आलेलें मीठसुद्धां धुतल्यावांचून घरांत चालत नसे. अशा घरांत वाढलेली ही मुलगी, अकराव्या वर्षाच्या सुमारास नारायण वामन टिळकांशीं लग्न होऊन सासरीं गेली. शाळा अशी तिनें पाहिलीच नाहीं. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर. पति मोठा कवि, पण लहरी. आज घरांत तर उद्यां कोठें याचा नेम नाहीं.

१८९५ च्या १० फेब्रुवारीस टिळकांचा मुंबईस बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलें. पदरीं लहान मूल, समाजाची टोंचणी, आणि ज्याच्याशिवाय जगाची ओळख नाहीं असा पति दुरावलेला. पुढील कांहीं वर्षें त्यांनीं वियोगांत काढलीं. आणि नवल पहा, कीं याच काळांत, ज्या बाईला धड लिहितां येत नव्हतें, तिनें दुःखाच्या भरांत पद्यें रचलीं. कोणी सांगितलें म्हणून नव्हे, संमेलनासाठीं तर नव्हेच. निखारा राखेखालीं होता.

पुढें त्या टिळकांजवळ नगरास जाऊन राहिल्या, तरी प्रथम आपला स्वयंपाक व पाणी वेगळेंच ठेवीत. भय एकदम गेलें नाहीं. वर्षें लागलीं. विचार करतां करतां जातिभेद हा देवाचा नसून माणसाचा आहे, हें त्यांच्या मनानें घेतलें, आणि १९०० सालीं राहुरीस त्यांनीं स्वतः बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याच्या मागें मुकाट्यानें जाणारी बाई तर पांच वर्षें आधींच गेली असती. त्या गेल्या त्या स्वतः चालून गेल्या, म्हणूनच इतक्या सावकाश गेल्या, असें मला वाटतें.

त्यांचें पहिलें कृपादान कोणतें, असें मुलांस विचारलें तर मुलें सांगतील, लेखन. मीं तरी दयेचें दान म्हणेन. शतकाच्या वळणावर महाराष्ट्रांत मोठा दुष्काळ पडला, तेव्हां निराधार झालेलीं मुलें टिळकांच्या घरीं आलीं व तेथेंच वाढलीं. टिळक मुलें घरीं आणीत, आणि तीं जेवत लक्ष्मीबाईंच्या हातचें. जिच्या माहेरीं मीठ धुवून घेत, ती बाई आतां कोणाकोणाच्या पोरांचीं डोकीं विंचरीत होती! व्यासपीठ नाहीं, टाळ्या नाहींत. पण माणसांविषयींचें तिचें भय येथें, या चुलीजवळ, गळून पडलें असावें. आणि ज्यास माणसांचें भय उरलें नाहीं, त्याच्या लेखणीस तें कसें उरेल?

१९१९ च्या मे महिन्यांत टिळक वारले. 'ख्रिस्तायन' हें ख्रिस्तचरित्राचें ओवीबद्ध महाकाव्य त्यांनीं हातीं घेतलें होतें. त्याचे पहिले कांहीं अध्यायच लिहून झाले होते. टिळकांसारख्या कवीचें अपुरें काव्य पुरें करण्यास एखाद्या नामांकित पंडितालाही संकोच वाटला असता. तें काम लक्ष्मीबाईंनीं अंगावर घेतलें. शाळा न पाहिलेल्या विधवेनें बहुतेक सगळें काव्य लिहून काढलें. १९३८ सालीं तें छापून बाहेर आलें, तेव्हां त्या हयात नव्हत्या. आपलें नांव त्या पुठ्ठ्यावर पाहण्याचें त्यांच्या नशिबीं नव्हतें, आणि नशिबीं नाहीं म्हणून त्यांनीं लेखणीही खालीं ठेविली नव्हती.

'स्मृतिचित्रें' लिहिलीं गेलीं तीं याच उतारवयांत. पुत्र देवदत्त यांस वडिलांच्या चरित्रासाठीं आठवणी हव्या होत्या. त्यांनीं आईस लिहितें केलें. पहिला भाग १९३४ सालीं निघाला, तेव्हां लक्ष्मीबाईंचें वय सहासष्टाच्या घरांत होतें. शेवटचा भाग १९३६ सालीं निघाला आणि त्याच वर्षीं २४ फेब्रुवारीस त्या निवर्तल्या. त्यापूर्वीं, १९३३ मध्यें, नागपुरास साहित्यिकांच्या संमेलनांत अध्यक्षस्थानीं बसण्याचा मान त्यांस मिळाला होता. १९५० सालीं पुस्तकाचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झालें. आज मराठींतील उत्तम आत्मचरित्रें कोणतीं असें कोणीही मोजूं लागला, तर हें नांव पहिल्या दोनतीनांत येतें.

पण हे मान मी तुम्हांस दाखवीत नाहीं. पुस्तक उघडलें कीं दिसतें तें दुसरेंच. आपलें अज्ञान, आपली फजिती, नवऱ्याशीं झालेलीं भांडणें, आपला खुळा हट्ट, सगळें ही बाई हंसत हंसत सांगते. लोक काय म्हणतील, विदुषी म्हणतील कीं अडाणी, याचा तिला हिशेबच नाहीं. शिकलेल्या माणसांस जी भीति सर्वांत अधिक असते, आपलें न येणें उघडें पडण्याची, ती तिच्या ठायीं नाहीं, आणि म्हणूनच तिची मराठी अजून ताजी आहे. आम्ही शिक्षक पदवी मिळाल्यावर असें लिहूं लागतों, कीं आमच्या आयांस तें वाचवत नाहीं. (या लेखासही तो दोष लागला असेल, वाचकांनीं क्षमा करावी.)

एक प्रश्न वर्गांत एका चुणचुणीत मुलानें विचारला, तो येथें देतों. लक्ष्मीबाईंस आधीं धीर आला व मग त्यांनीं लिहिलें, कीं आधीं लिहिलें व मग धीर आला? मीं त्यास सांगितलें, कीं पुस्तक वाचून तूंच ठरव. माझें मत विचाराल, तर पद्यें आधीं आलीं, पोरक्यांचीं डोकीं विंचरणें आधीं आलें, ओव्या आधीं आल्या. भीति जाण्याची वाट पाहत बसल्या असत्या, तर १९३६ पर्यंत बसल्याच असत्या. पोहावयास शिकतांना पाण्याची भीति कोरड्या जमिनीवर जात नाहीं. विहिरींत उतरल्यावर, नाकातोंडांत दोनचार वेळां पाणी गेल्यावर, कमरेला धरणारा एक हात असला तर ती जाते.

तो हात देणें पालकांच्या हातीं आहे. लक्ष्मीबाईंस तो मुलानें दिला, तीमथ्यास आजीनें व आईनें दिला. पालकांशीं बोलतांना मला आढळतें, कीं मुलानें घरीं मोठ्यानें प्रार्थना केली, पद म्हटलें, कांहीं लिहून दाखविलें, तर पुष्कळ घरांत त्याचें कौतुक पाहुण्यांपुढें होतें. एकांतांत कोणी ऐकून घेत नाहीं. पाहुण्यांपुढें उभें करून गाणें म्हणावयास लावलें व मध्येंच ओळ विसरली तर सगळे हंसतात, आणि तें मूल पुढच्या वेळीं परसांत पळतें. कौतुक व थट्टा या दोहोंनींही मूल भितें. त्यास हवें असतें ऐकणारें माणूस. विशेषतः मुलींच्या बाबतींत सांगावेंसें वाटतें. चौथीपांचवीपर्यंत धीटपणानें बोलणारी मुलगी आठवींत गप्प होते, व घरचे म्हणतात, आतां शहाणी झाली. ती शहाणी झाली कीं भ्याली, हें कोणी पाहिलें आहे?

शाळेनें आपल्यापुरता एक बदल केला आहे. शुक्रवारच्या उपासनेंतील वाचन, प्रार्थना व पद यांसाठीं पूर्वींप्रमाणें हजेरीच्या क्रमानें नांवें पुकारीत नाहींत. कचेरीबाहेरच्या फळ्याशेजारीं एक वही दोरीनें बांधून ठेविली आहे. ज्याची इच्छा असेल त्यानें आपलें नांव व काय करणार तें लिहावें. वाचणाऱ्यानें आदल्या दिवशीं एका शिक्षकापुढें एकदां वाचून दाखवावें. उच्चार सुधारावयाचा तो तेथें, बंद दारामागें, सुधारावा. सभागृहांत कोणी अडखळला तर शिक्षकांनीं मान खालीं घालून शास्त्र पाहावें, त्याच्या तोंडाकडे पाहूं नये. वाचण्याशिवाय इतरही कामें वहींत आहेत : सतरंज्या घालणें, आजाऱ्यांस भेटणें, पहिलीच्या मुलांस पद शिकविणें. पहिले दोन आठवडे वही कोरी राहिली. मग सतरंज्यांखालीं नांवें पडूं लागलीं, त्यानंतर आजाऱ्यांखालीं.

गेल्या सोमवारीं वाचनाच्या रकान्यांत पांचवींतील एका मुलीनें पेन्सिलीनें आपलें नांव लिहिलें आहे. आडनांव पाहून मीं हजेरीपुस्तकांत तिच्या वडिलांचा धंदा काढून पाहिला, मोंढ्यांत मुकादम. कोणता उतारा द्यावा, याविषयीं शिक्षकांच्या खोलींत थोडा वाद झाला. अवघड नांवें असलेला देऊं नये, लहान आहे, असें एकांनीं सुचविलें. मीं म्हटलें, तिलाच निवडूं द्या. तिनें प्रेषितांच्या कृत्यांचा दुसरा अध्याय निवडला आहे, ज्यांत पार्थी, मेदी, एलामी अशीं सगळीं नांवें एका ओळींत येतात. गुरुवारीं चार वाजतां ती माझ्यापुढें वाचून दाखविणार आहे. बरोबर वडिलांस आणलें तर चालेल का, असें तिनें विचारलें. चालेल म्हणून सांगितलें आहे.